मौलाना आझाद आणि मतभेदाची रीत



आपल्या नगरचा भुईकोट किल्ला तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांना येथेच बंदिवान करून आणण्यात आले. त्यांच्या जीवनातून एक गोष्ट आपण अवश्य शिकावी. मतभेद असूनही एकत्र काम कसे करावे, ही ती गोष्ट होय.

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का शहरी झाला. पुढे कुटुंब कलकत्त्यास आले. १९१२ साली त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढले.

१९२३ साली काँग्रेसमध्ये मोठी फूट पडण्याची वेळ आली. चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू कायदेमंडळात जावे म्हणत होते; राजगोपालाचारी, वल्लभभाई आदींचा त्यास विरोध होता. दिल्लीच्या खास अधिवेशनाचे अध्यक्ष होते अवघ्या पस्तिशीचे मौलाना. त्यांनी कोणासही हरविले नाही. ज्यांना जायचे त्यांनी जावे, इतरांनी विधायक कार्य करावे, एकमेकांविरुद्ध प्रचार करू नये, असा मार्ग निघाला आणि संस्था वाचली.

१९४२ च्या लढ्याच्या वेळेविषयी मौलानांच्या मनात शंका होत्या. त्यांनी त्या गांधीजींजवळ व कार्यकारिणीत स्पष्ट मांडल्या. परंतु निर्णय झाल्यावर मुंबईच्या सभेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले आणि सर्वांबरोबर तुरुंगही पत्करला.

किल्ल्यात नेहरू, पटेल, पंत, नरेंद्र देव, शंकरराव देव असे भिन्न मतांचे नेते सोबत होते. तेथेच नेहरूंनी ‘भारताचा शोध’ लिहिला आणि मौलानांसह काही सोबत्यांच्या ज्ञानाचे ऋण त्यात मानले. ९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्यास मौलानांच्या पत्नी वारल्या. आजारपणातही त्यांनी सुटकेसाठी सरकारपुढे हात पसरला नाही.

तेथे लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये चिमण्यांची मजेदार हकीकत आहे. खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांना मौलानांनी आधी हाकलून पाहिले. त्या हटेनात. मग त्यांनी तांदूळ ठेवण्यास सुरुवात केली आणि हळूहळू चिमण्या हातावर येऊन बसू लागल्या.

स्वातंत्र्यानंतर २२ फेब्रुवारी १९५८ रोजी निधन होईपर्यंत ते देशाचे शिक्षणमंत्री होते.

वाचकहो, चार माणसे एकत्र आली की मतभेद व्हायचेच. एखादा रुसून घरी बसतो, काम अडते आणि नुकसान मुलांचे होते. म्हणून आपले मत सभेत निर्भयपणे सांगा, दुसऱ्याचे पूर्ण ऐका आणि निर्णय झाला की कामास लागा. पुढच्या वेळी किल्ल्यावरून जाल तेव्हा आपल्या मुलांना हे जरूर सांगा.