कुलाब्याची सुई अलिबागला

अलिबागच्या किनाऱ्यावर आलेला पर्यटक समोरच्या कुलाबा किल्ल्याकडे पाहतो, ओहोटी कधी लागणार याची चौकशी करतो आणि घोडागाडीची वाट पाहत उभा राहतो. त्याच किनाऱ्यालगत झाडांच्या सावलीत एक जुनी वेधशाळा आहे. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिथे दुर्बीण नाही आणि पावसाचा अंदाजही तिथून दिला जात नाही. १९०४ पासून तिथे एकच काम चालू आहे: पृथ्वीच्या चुंबकत्वात क्षणोक्षणी होणारा बदल मोजणे. ही वेधशाळा अलिबागला आली ती मुंबईतल्या ट्रामगाड्यांमुळे, आणि ती वेळेवर आली ती नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस या पारशी शास्त्रज्ञाच्या दूरदृष्टीमुळे.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी मुंबईत झाला. त्याआधी जेमतेम आठ आठवडे, त्याच शहरात, कुलाब्याच्या दांड्यावरील वेधशाळेत एक विलक्षण घटना नोंदली गेली होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी दुपारच्या सुमारास तिथल्या चुंबकसूचीने अचानक जागा सोडली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता इतकी खाली गेली, की तशी घसरण तिथे त्यापूर्वी कधी पाहण्यात आली नव्हती. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावरील डागांच्या समूहात प्रखर प्रकाशाचा स्फोट दिसला होता. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी त्याचे पडसाद पृथ्वीवर उमटले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. एरवी ध्रुवांजवळच दिसणारे रंगीत प्रकाशपट्टे थेट उष्ण कटिबंधाच्या हद्दीपर्यंत दिसले. युरोपातील अनेक वेधशाळांत सुईची नोंद कागदाच्या बाहेर गेली आणि ती किती ढळली हे कळायला मार्गच उरला नाही. मुंबईत मात्र निरीक्षक डोळ्यांनी मोजपट्टी वाचून आकडे वहीत उतरवत होते. ती वही पुढे मूस यांच्या हाती येणार होती.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, ती प्रामुख्याने जहाजांना अचूक वेळ पुरवण्यासाठी. १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांनी तिथे चुंबकीय मोजणी सुरू केली. जर्मनीत कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी चुंबकत्व मोजण्याची शिस्त घालून दिली होती आणि जगभर एकाच वेळी मोजणी करण्याची मोहीम निघाली होती. भारतात मद्रास, सिमला आणि त्रिवेंद्रम येथेही अशी केंद्रे निघाली. त्यांतली बहुतेक काही वर्षांत थंडावली. कुलाब्याची नोंद चालू राहिली.

मूस पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकले, नंतर एडिंबरा विद्यापीठात विज्ञानाची पदवी घेऊन परतले. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्या निधनानंतर कुलाबा वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. वेळ मोठी कठीण होती. त्याच वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. १८९७ च्या जूनमध्ये आसामात प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर देशात भूकंपमापनाची सोय करण्याची निकड सरकारला पटली आणि १८९८ मध्ये कुलाब्यात मिल्न पद्धतीचे भूकंपमापक यंत्र बसले. हवामान, भूकंप, घड्याळ आणि चुंबकत्व असे सारे काम आता मूस यांच्या देखरेखीखाली होते.

खरे संकट मात्र वेगळ्याच दिशेने आले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. आता त्या विजेवर चालवण्याचे ठरत होते. शहराच्या दृष्टीने ती प्रगतीच होती. वेधशाळेला मात्र त्यामुळे काम करणेच अशक्य होणार होते. विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते आणि ती रुळांवाटे परत जाते. परतताना तिचा काही भाग रुळांतून जमिनीत पाझरतो आणि दूरवर पसरतो. वीज वाहते तिथे चुंबकत्व निर्माण होतेच. त्यामुळे प्रत्येक ट्राम सुटली की कुलाब्याची सुई हलली असती. जी हालचाल मोजायची ती सूर्याची की ट्रामची, हे सांगता आले नसते. ही भीती काल्पनिक नव्हती. कॅनडात टोरांटोची चुंबकीय वेधशाळा याच कारणासाठी १८९८ मध्ये गावाबाहेर न्यावी लागली होती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेवरही तीच पाळी आली आणि तिचे चुंबकीय काम पुढे स्कॉटलंडमध्ये हलवावे लागले.

नवी जागा शोधताना मूस यांच्यापुढे दोन अटी होत्या. ती ट्रामपासून दूर हवी होती. पण फार दूरही चालणार नव्हती, कारण मुंबईच्या चुंबकत्वाची जी मालिका साठ वर्षे जपली होती तिच्याशी नव्या नोंदी जुळायला हव्या होत्या. खाडीपलीकडे, मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग या दोन्ही अटींत बसले. अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे. आज ज्याला रायगड म्हणतात तोच हा जिल्हा. म्हणजे मुंबईच्या कुलाब्याची सुई गेली ती कुलाबा जिल्ह्यातच.

पुढचा प्रश्न बांधकामाचा होता. कोकणात घर बांधायचे तर काळा दगड किंवा जांभा वापरतात. पण ज्वालामुखीच्या लाव्हारसातून तयार झालेल्या काळ्या दगडात चुंबकीय लोहखनिज असते आणि जांभ्याचा तांबूस रंग लोहामुळेच येतो. दगडच चुंबकीय असेल तर त्याच्या भिंतींत बसवलेली सुई खरे कसे बोलणार? म्हणून काठेवाडातून पोरबंदरचा फिकट रंगाचा दगड आणला गेला. लोखंडी खिळे, बिजागऱ्या आणि कड्या टाळून त्यांच्या जागी तांब्या-पितळेच्या वापरल्या. चुंबकाची ताकद उष्णतेने बदलते, त्यामुळे दिवसरात्रीच्या तापमानातला फरक आत फारसा पोहोचू नये अशी रचना केली.

एप्रिल १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. मूस यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे येतो. नवी वेधशाळा सुरू झाली म्हणून त्यांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालली. दोन जागांचे खडक वेगळे, म्हणून आकडेही थोडे वेगळे येणारच. पण तो फरक किती, हे या दोन वर्षांत नेमके कळले. घरातला जुना वजनकाटा टाकण्याआधी नव्या काट्याशी ताडून पाहावा, तसाच हा प्रकार. नाहीतर वजन खरेच घटले की काटाच निराळा, हे नंतर कधीच कळत नाही. ७ मे १९०७ रोजी मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. तोपर्यंत चुंबकीय नोंदींचा मुक्काम सुरक्षितपणे हलला होता. शहराला ट्राम मिळाली आणि मालिकाही तुटली नाही.

त्यानंतर मूस यांनी जुन्या वह्यांकडे लक्ष वळवले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी एकत्र करून, तपासून, त्यांचे विश्लेषण करणारा ग्रंथ त्यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. तासाला एक नोंद असा हिशेब धरला, तरी चुंबकत्वाच्या एकाच घटकाचे साठ वर्षांतले आकडे पाच लाखांवर जातात. संगणक नव्हता. बेरजा, सरासऱ्या, दुरुस्त्या, सगळे हाताने करायचे होते.

या ग्रंथातली एक पद्धत पुढे फार मोलाची ठरली. चुंबकीय वादळे कोणत्याही दिवशी, कोणत्याही तासाला येतात. ती घड्याळाच्या वेळेप्रमाणे मांडली तर नुसता गोंधळ दिसतो. मूस यांनी प्रत्येक वादळाच्या सुरुवातीचा क्षण हाच शून्य तास धरला आणि अनेक वादळे एकाखाली एक मांडून त्यांची सरासरी काढली. डॉक्टर तापाचे रुग्ण तारखेनुसार न मांडता आजाराच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवसानुसार मांडतात, तेव्हा त्या आजाराची ठरावीक चाल दिसू लागते. इथेही तसेच झाले. आधी क्षेत्रात छोटी, झटपट वाढ होते, मग काही तास मोठी घसरण आणि त्यानंतर दिवसेंदिवस चालणारी संथ भरपाई. विस्कळीत वाटणाऱ्या वादळांनाही एक नेमका आराखडा होता. काही वर्षांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी याच वाटेने पुढे जाऊन चुंबकीय वादळांचा सिद्धांत मांडायला घेतला.

या आराखड्याचे कारण आज माहीत आहे. सूर्यावरील स्फोटातून विद्युतभारित कणांचा लोट सुटतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला की कवच दाबले जाते आणि सुई क्षणभर वर जाते. मग पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचे कडे बळावते. त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या विरुद्ध असते, म्हणून तीव्रता घसरते. कडे विरळ होत गेले की सुई हळूहळू मूळपदावर येते. हा परिणाम विषुववृत्ताकडच्या भागात अधिक स्वच्छ दिसतो, कारण तिथे ध्रुवीय प्रवाहांचा गोंगाट कमी असतो. मुंबई-अलिबागच्या नोंदींचे महत्त्व यातच आहे.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले. एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो होते. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ६७ वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी पुन्हा तपासल्या. मूस जन्मले त्या वर्षीच्या त्या दुपारी आडवे क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. तिथले एकूण आडवे क्षेत्र सुमारे ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असते, त्याच्या तुलनेत ही घट चार टक्क्यांच्या आसपास. यातला किती भाग पृथ्वीभोवतीच्या कड्याचा आणि किती इतर प्रवाहांचा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण तो वाद घालता येतो, कारण मुंबईत आकडे उपलब्ध आहेत.

या आकड्यांशी आपला संबंध काय? मार्च १९८९ मध्ये आलेल्या एका चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील वीजपुरवठा कोलमडला आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. त्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. मे २०२४ मधल्या वादळात लडाखमधूनही लालसर प्रकाश टिपला गेला, तोही त्याहून सौम्यच होता. आज १८५९ सारखे वादळ आले तर वीजवाहिन्या, उपग्रह, विमानांचे मार्ग, मोबाइलमधला नकाशा या सगळ्यांना धोका पोहोचू शकतो. तो किती मोठा असेल याचा अंदाज बांधताना जगभरचे अभ्यासक कुलाब्याच्या त्या वहीकडे वळतात.

अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. मुंबईच्या ट्राम १९६४ मध्ये कायमच्या बंद झाल्या. ज्यांच्यासाठी सुईला शहर सोडावे लागले त्या गाड्या गेल्या, रूळही डांबराखाली गाडले गेले. किनाऱ्यालगतच्या त्या फिकट दगडाच्या इमारतीत मात्र सुई अजून हलते आहे आणि तिची नोंद १८४० च्या दशकातल्या पहिल्या आकड्याशी आजही जोडता येते. त्या जोडणीसाठी मूस यांनी दोन वर्षे दोन वेधशाळांचे काम एकाच वेळी चालवले होते.