दुपट्यावरचे काळे डाग

बाळाची दुपटी काळी पडतात, ही तक्रार लंडनच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड (१८५७-१९३६) यांच्यापुढे आली. लघवी हवेत राहिली की काळी पडते तो अल्काप्टोन्युरिया. फार दुर्मीळ, पण नोंदलेला. आतड्यातल्या जंतूंमुळे तो होतो असं तेव्हा मानत. निदान झालं होतं, तरी गॅरॉड यांचा शोध थांबला नाही.

१९०१ मध्ये त्याच आईला पाचवं मूल झालं. त्याच्या दुपट्यांवर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवलं गेलं. ५२ तासांनी डाग उमटले. म्हणजे दोष बाळ जन्मतःच घेऊन आलं होतं. आईवडील निरोगी, पण दोघांचे आजीआजोबा एकच. इतर रुग्णांच्या घरीही बहुतेक हेच आढळलं. (मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्याकडे हा प्रश्न आजही विचारावा लागतो.) दोघांकडूनही सदोष वारसा आला तरच रोग होतो, हे १९०२ च्या त्यांच्या लेखातून पुढे आलं.

समकालीनांना ही नुसती गंमत वाटली. ती तशी नव्हती: हेच रुग्ण मध्यमवयात पाठ-गुडघे धरून येतात आणि साधा संधिवात म्हणून औषधं घेत राहतात.

गॅरॉड यांचे दोन मुलगे पहिल्या महायुद्धात गेले, तिसरा १९१९ मध्ये फ्लूने. पुढच्याच वर्षी ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. या रुग्णांच्या यकृतात एक एन्झाइम काम करत नाही, हे सिद्ध झालं १९५८ मध्ये. तेव्हा गॅरॉड यांना जाऊन २२ वर्षं झाली होती.