एका धड्याची सक्ती नाकारणाऱ्या ताराबाई

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याची उत्तर बाजू सातपुड्याला टेकलेली आहे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लहान वस्त्यांतील शाळांत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसणे ही नित्याची गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे निकषही प्राथमिक शाळेतील साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक देतात. एक मूल अक्षर गिरवीत असते, शेजारचे भागाकार सोडवीत असते आणि तिसऱ्याच्या घरी कोरकू बोलली जात असल्याने त्याला मराठी सूचनाच नीट कळत नाही. या सर्वांपुढे एकच धडा ठेवायचा तर तो नेमका कोणासाठी? या प्रश्नाला मराठी मुलखात ज्यांनी सर्वांत धीटपणे हात घातला, त्या ताराबाई मोडक यांचे तारुण्यातील काही काळ वास्तव्य याच वऱ्हाडात, अमरावतीस होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने घरातील वातावरण सुधारकी होते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या आणि पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन त्या राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयात प्राचार्य म्हणून गेल्या. त्या काळात एकट्या स्त्रीने परप्रांतात जाऊन अशी जबाबदारी पत्करणे सोपे नव्हते.

पद मोठे होते, पण त्यांचे मन तेथे रमले नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका मुलांबरोबर काही वेगळेच करीत होते. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले होते. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. त्या बालमंदिराचा आधार मारिया मॉण्टेसरी यांची पद्धती हा होता आणि ताराबाईंच्या पुढील सर्व कामाची किल्ली तिच्यातच आहे.

मॉण्टेसरींच्या वर्गात अडीच-तीन वर्षांचे आणि सहा वर्षांचे मूल एकत्र वावरते. सर्वांसाठी एकाच वेळी एक पाठ नसतो. मूल फळीवरून आपले साहित्य उचलते, हवा तितका वेळ ते हाताळते आणि जागेवर ठेवते. दट्ट्याच्या ठोकळ्यात एखादा दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी दुसरा एखादा बसतच नाही, त्यामुळे चूक दाखवायला शिक्षिका लागत नाही. तिचे काम पाहण्याचे, आणि एखाद्या मुलाची तयारी झाली की त्याला पुढचे साहित्य दाखविण्याचे. मंदगती मुलाची त्यात फरपट होत नाही आणि चपळ मूलही ताटकळत नाही. १९२६ मध्ये स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ आणि ‘शिक्षणपत्रिका’ यांच्याद्वारे हा विचार गुजरातीत व मराठीत पोहोचला. मराठी पत्रिकेची धुरा ताराबाईंकडे होती.

१९३६ मध्ये त्या मुंबईस परतल्या. दादरच्या हिंदू कॉलनीतील शिशुविहार नावारूपाला आला. येथेच थांबल्या असत्या, तर मध्यमवर्गीयांच्या एका चांगल्या शाळेच्या संचालिका एवढीच त्यांची ओळख उरली असती. मात्र महागडे साहित्य आणि फी देऊ शकणारे पालक यांच्यापलीकडे ही पद्धती जाणार की नाही, ही टोचणी त्यांना होती. गांधीजींच्या नयी तालीमचा प्रभावही होताच.

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. गावातील दलित आणि आदिवासी मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. विकतच्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती आली. आकार, वजन, रंग आणि संख्या त्यांवरही शिकता येतात, हे दिसून आले. मॉण्टेसरींच्या काटेकोर अनुयायांना अशी मोडतोड कितपत मानवली असती, कोण जाणे. गाभा मात्र तोच राहिला.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेले. तेथे मोठ्या मुलांना गुरे राखावी लागत आणि मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. गैरहजेरीचे कारण आळस नसून घरचे काम आहे, हे ओळखून शाळेनेच आपला आकार बदलला. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे भावंड पाळणाघरात ठेवून मुलीला वर्गात बसता येई. चार दिवस येणारे व दोन दिवस न येणारे मूल गृहीत धरल्यावर सर्वांनी एकाच पानावर असण्याचा हट्ट धरता येत नाही. जे मूल जेथे थांबले असेल, तेथूनच त्याला पुढे न्यावे लागते. शहरी बालमंदिरात जे तत्त्व होते, ते कुरणात निकड बनले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पोषण आहार व लसीकरण यांची नोंद तिच्या वह्यांत काटेकोरपणे होऊ लागली; शिंपले आणि बिया मात्र त्यामानाने कमीच ठिकाणी पोहोचल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सांभाळले.