बोस्टनचे रौप्यकार जॉन कोनी

आपल्या समाजातील ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातोडी आणि ऐरण सांभाळली, त्या घरांतील वाचकांस एका परदेशी समव्यवसायी पुरुषाचा परिचय करून द्यावा, असे आम्हांस फार दिवस वाटत होते. अमेरिकेतील बोस्टन नगरीचे रौप्यकार जॉन कोनी हे ते होत.

त्यांचा जन्म १६५६ मध्ये झाला. वडील लाकडी पिंपे बनवीत. पुत्राने चांदीचे काम पत्करले व त्यात असे नैपुण्य मिळविले की, १७०२ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या कागदी चलनासाठी तांब्याचे पत्रे कोरण्याचे कामही सरकारने त्यांच्याकडेच सोपविले.

त्यांच्या हातचा, १६८० नंतरच्या चार-पाच वर्षांत घडविलेला साखरेचा एक रौप्य डबा बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. वेस्ट इंडीज बेटांतून, गुलामांच्या श्रमावर येणारी साखर तेव्हा मोठी महाग. म्हणून तिच्या डब्याचाही थाट मोठा. अंगभर उठावाच्या पाकळ्या, झाकणावर वेटोळे घातलेल्या सर्पाची मूठ! आजी नॉर्टन हिने १७१९ साली जन्मलेल्या ॲना क्विन्सी या नातीस हा डबा दिला, अशा अर्थाचा लेख त्यावर मागाहून कोरला गेला. ही आजी हिंगहॅम गावच्या धर्मोपदेशकाची पत्नी होय. ॲनाची धाकटी बहीण एलिझाबेथ. तिची कन्या ॲबिगेल ही अमेरिकेच्या दुसऱ्या अध्यक्षांची पत्नी आणि सहाव्यांची माता. त्या सहाव्या अध्यक्षांचे जॉन क्विन्सी हे नाव ॲनाच्याच पित्याचे. घरच्या भांड्यांवर नावे घालण्याची आपल्याकडील चाल येथे सहजच आठवते. घडविणाऱ्याची मात्र त्या डब्यावर आद्याक्षरांची लहानशी छाप तेवढी आहे. आपल्या पूर्वजांच्या बहुतेक कामांवर तीही नाही, हे लिहिताना आम्हांस खंत वाटते.

१७२२ मध्ये कोनी निवर्तले. तेव्हा त्यांच्या मालमत्तेची जी मोजदाद झाली, तीत एका उमेदवाराच्या उरलेल्या सुमारे साडेतीन वर्षांच्या सेवेचेही मोल तीस पौंड असे मांडलेले आहे. हा उमेदवार म्हणजे फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांच्या छळामुळे पोरवयात बोस्टनला आलेला अपोलॉस रिव्हॉइर. चाळीस पौंड भरले गेले, तेव्हा तो मोकळा झाला. पुढे पॉल रिव्हिअर असे सुटसुटीत नाव घेऊन त्याने आपले दुकान थाटले. त्याच नावाचा त्याचा पुत्रही रौप्यकारच झाला. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री घोडा दौडवीत, इंग्रज फौज निघाल्याची वर्दी गावोगाव देणारा तो हाच.