विश्लेषण : एका बळीचे आठ आणे... बाळू पालवणकर यांची खरी किंमत किती होती?

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत भारताचे मुख्य गोलंदाज एकामागोमाग एक जखमी झाले होते. त्या वेळी राखीव फळीतून संघात आलेल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावाही केल्या. त्याच सामन्यात खेळलेला टी. नटराजन ऑस्ट्रेलियाला गेला होता तो नेट गोलंदाज म्हणून. राखीव खेळाडूचे मोल नेमके कशावर ठरवायचे, हा प्रश्न तेव्हा पुन्हा चर्चेत आला. भारतीय क्रिकेटला तो नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एका नेट गोलंदाजाचा भाव ठरला होता : साहेबाला एकदा बाद केले की आठ आणे. त्या गोलंदाजाचे नाव बाळू पालवणकर.

बाळू पालवणकर कोण होते?

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या मूळ गावावरून आले. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही खेळू लागले. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते.

पहिला पगार किती होता?

पुण्यातील पारशांच्या एका क्लबमध्ये बाळू यांना पहिली नोकरी मिळाली. काम खेळाडूचे नव्हते. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या क्लबमध्ये गेले आणि पगार एका रुपयाने वाढून चार रुपये झाला. तिथे जाळ्या लावणे, खेळपट्टी आखणे, टेनिसची मैदाने तयार करणे ही कामे होती.

आठ आण्यांचा हिशेब काय होता?

या क्लबमध्ये कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातील नावाजलेले फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि तासन्‌तास बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करत. बाद झाले की दर वेळी आठ आणे देत. त्या काळी रुपयाचे १६ आणे होते, म्हणजे चार रुपयांचे ६४ आणे. ग्रेग यांना आठ वेळा बाद केले की महिन्याच्या पगाराइतकी वरकमाई होई. आजच्या भाषेत हा कामगिरीवर आधारित बोनसच होता.

पण या करारात एक मेख होती. बाळू यांनी साहेबांना शेकडो तास गोलंदाजी केली, मात्र जाळीत त्यांच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. त्यांचे काम दुसऱ्याचा खेळ सुधारणे एवढेच होते. ‘कायम’ आणि ‘कंत्राटी’ यातला फरक तारापूर औद्योगिक वसाहतीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. काम तेच असले तरी स्थान तेच नसते. बाळू यांच्या बाबतीत पगाराच्या पायरीला जातीची पायरीही जोडलेली होती.

संघात जागा कशी मिळाली?

युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्यातील हिंदू क्लबला कळत होते. तरी अस्पृश्य खेळाडूला घेण्यास काही सभासदांचा विरोध होता. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे मूर्खपणाचे ठरेल, असे मत ग्रेग यांनीच जाहीरपणे मांडले आणि बाळू यांचा समावेश झाला. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळू यांना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे असे.

मुंबईत काय बदलले?

१८९६ नंतर प्लेगच्या काळात बाळू मुंबईत आले. इथेही परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात काही सभासदांचा विरोध झाला, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला. रोजगार मिळाला तो बीबीसीआय रेल्वेत. आज पालघर-बोईसरची मुले किटबॅग घेऊन ज्या रुळांवरून मुंबईला सरावाला जातात, तो मार्ग याच रेल्वेचा. आता तो पश्चिम रेल्वेत आहे. बाळू रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. खेळाडूला नोकरी देऊन संघ बांधण्याची पद्धत पुढे रेल्वे, बँका आणि कंपन्यांमध्ये अनेक दशके टिकली.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळू यांनी आठ बळी घेतले.

आकडे काय सांगतात?

त्यांच्या क्षमतेची सर्वात मोठी कसोटी १९११ मध्ये लागली. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ पैकी १५ सामने हरला, सहा जिंकला. पस्तिशीतील बाळू यांनी मात्र दौऱ्यात ११४ बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ, लिस्टरशायरवरील विजयात सामन्यात ११. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला दुसऱ्या डावात गोलंदाजीची संधी कमी मिळते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे वजन आणखी वाढते.

संपूर्ण कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. म्हणजे साधारण १५ धावांमागे एक बळी आणि सामन्यामागे पाचहून अधिक.

मग कर्णधारपद का नाही?

हिंदू संघाचे नेतृत्व बाळू यांना कधीच मिळाले नाही. दरवर्षी मागणी होई आणि दरवर्षी दुसरे नाव पुढे येई. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर त्यांना वगळण्यात आले आणि नेतृत्वासाठी विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून माघार घेतली. दबाव वाढल्यावर अंतिम सामन्यासाठी बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले. कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर राहिले, तेवढ्यापुरते नेतृत्व बाळू यांच्याकडे आले.

भावांची माघार वाया गेली नाही. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली.

पुढे काय झाले?

बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. बाळू यांना ११,२२५ मते पडली, आंबेडकरांना १३,२४५. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले.

त्यांच्या गोलंदाजीचे मोल ग्रेग यांना जाळीत कळले होते, हिंदू क्लबला पराभवाच्या भीतीने कळले आणि इंग्लंडमध्ये धावफलकावर दिसले. कर्णधार निवडताना मात्र हे आकडे कधीच पुरेसे ठरले नाहीत.