जिजाई माउली

कीर्तनात आम्ही जिजाईला कजाग म्हणून पुष्कळ रंगवली. माणसं हसली. पुढं आमच्याच लेकीच्या लग्नाची काळजी लागली, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागंना, तेव्हा ती माय उमगली.

जिजाई पुण्याच्या अप्पाजी गुळवे सावकारांची लेक. देहूला तुकोबांच्या घरी दिली. 1630 च्या दुष्काळात घर बसलं. सवत रखुमाई अन्नावाचून गेली, तिचा संतूही गेला. हे जिजाईनं डोळ्यांनी पाहिलं. मग पोरांच्या पोटाची चिंता तिला का लागू नये? तोंडानं ती देवाला बोलायची, पण भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढायची. तुकोबा जेवल्याबिगर घास घेत नसे.

महाराज वैकुंठाला गेले तेव्हा नारायण तिच्या पोटात होता. बापाचं तोंड न पाहिलेलं ते लेकरू तिनं वाढवलं. त्याच नारायणबाबांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून आषाढीचा सोहळा सुरू केला. त्यामुळंच आज आपण दिंडीत चालतो.

मायबापहो, काळजी वाटली म्हणजे देवावर भरवसा नाही, असं नव्हे. काळजी असू द्या, भाकरी थापणारा हात थांबवू नका. आता जिजाईचं नाव आलं की आम्ही आधी हात जोडतो.