लक्ष्मीबाई टिळक : देणे आणि घेणे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, अशी चिटणीसबाईंची मला आज्ञा झाली. दिवस नाताळच्या तोंडावरचे, म्हणून कै. लक्ष्मीबाई टिळकांचे नाव साहजिकच मनात आले. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रामुळे बहुतेक भगिनींना त्या परिचित आहेत. परंतु आपल्या नागपूरशी त्यांचा ऋणानुबंध होता, हे पुष्कळजणींना ठाऊक नसेल. देण्याघेण्याविषयी त्यांच्या आयुष्यातून मला जे उमगले, तेही येथे सांगावेसे वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीत घरातले एक वडीलधारे माणूस फाशी गेले, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की, बाजारातून आलेले धान्यच काय, मीठसुद्धा धुतल्यावाचून चालत नसे. कुणाच्या हातचे घ्यायचे नाही, कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, हाच त्या घराचा धर्म. अशा घरात लहानाची मोठी झालेली ही मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना नारायण वामन टिळकांची पत्नी झाली.

टिळक बुद्धिमान, कवी, पण एका जागी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. १८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले आणि श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामाला लागले. लक्ष्मीबाईंचा संसारही काही काळ येथे होता. पुढे राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात टिळकांना एक मिशनरी भेटला आणि त्याने त्यांना बायबल दिले. ते वाचता वाचता त्यांचे मन पालटत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नवरा जिवंत, पण धर्माने दूर गेलेला. पदरी लहान दत्तू. चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आश्रयाने काढली. त्या दुःखाचे वर्णन मी काय करावे? पुढे त्या मन घट्ट करून नगरला पतीकडे गेल्या, पण आपला धर्म सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही.

मग राहुरीस असताना एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या. देवाने माणसे निर्माण केली, तशा जातीही त्यानेच केल्या काय? पशुपक्ष्यांत जशा जाती दिसतात, तशा माणसांत कुठे दिसतात? उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले : त्या माणसांनीच केल्या. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असा त्यांनी निश्चय केला, आणि तो पाळला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

भगिनींनो, या प्रसंगापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. लक्ष्मीबाईंच्या दातृत्वाच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण त्या दातृत्वाचा उगम मला येथे दिसतो. त्या आधी घ्यायला शिकल्या. देणे त्या मानाने सोपे आहे. देणाऱ्याचा हात वर असतो. दारी आलेल्याला दूरूनच घालता येते. त्याला घरात घ्यावे लागत नाही. पण ज्याला आपण हलके समजत आलो, त्याच्या हातचे पाणी तोंडाला लावताना आपला मोठेपणा आधी खाली ठेवावा लागतो.

नाताळच्या कथेतही हेच आहे असे मला वाटते. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे या दिवशी देवाने आपला पुत्र जगाला दिला. म्हणून एकमेकांना भेटी द्यायच्या. पण तो कसा दिला? राजवाड्यात नव्हे. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत निजविले. पहिले भेटीला आले ते रात्री कळप राखणारे मेंढपाळ. पूर्वेकडचे ज्ञानी लोक सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आले, तेही परदेशी, परक्या लोकांतले. ज्याने सर्व द्यायचे तोच दुसऱ्याच्या आसऱ्याला आला, आणि परक्यांनी आणलेले त्या गरीब मातेने घेतले. आपल्या आहेरात परतफेडीचा हिशेब असतो; किती आला, किती गेला, हे वहीत मांडलेले असते. नाताळच्या मूळ भेटीला परतफेडच नाही. ती नम्रपणे घ्यायची आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, एवढेच.

लक्ष्मीबाईंनी ती आयुष्यभर पुढे दिली. टिळकांचा हात मुळातच सैल. घरी किती शिल्लक आहे याचा विचार न करता ते देऊन मोकळे होत, वाटेल त्याला घरी जेवायला घेऊन येत. अशा माणसाची लोक वाहवा करतात. पण ऐनवेळी पिठाच्या डब्यात हात कुणाला घालावा लागतो, हे आपणा बायकांना सांगायला नको! लक्ष्मीबाई चिडत, भांडत, हसतही; पण आलेले माणूस उपाशी जात नसे. पोरकी मुले त्यांच्या पंखाखाली आली. तरुण बालकवी ठोमरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. त्यांनी धर्म बदलावा अशी अट कुणी घातली नाही. ते हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. देण्याला अट नसावी, ती ही अशी. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. त्याआधीच, १९१७ साली, टिळकांनी मिशनचा पगारही सोडून दिला होता. तेव्हा संसाराची काळजी कुणाच्या वाट्याला आली असेल, याची कल्पना वाचक भगिनींनीच करावी.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्राचे काव्य थोडे अध्याय होऊन अपुरे राहिले होते. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, अक्षरओळखही सासरी आल्यावर झाली, तिने त्याचे चौसष्ट अध्याय रचले! पतीने अर्धवट ठेवलेले दान असे तिने पुढे नेले. १९३३ साली नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई होत्या. ज्या गावात एके काळी त्या सोवळे सांभाळीत राहिल्या, त्याच गावात सर्वांच्या हातचे खाणारी आणि सर्वांना आपली वाटणारी ही आजी मानाने परत आली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या वस्तीत नाताळला ख्रिस्ती भगिनींकडून करंज्या, शेव, चिवड्याचे ताट येते. आपण हसतमुखाने ते घेतो. पण काही घरी ते ताट स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. मागच्या दाराने मोलकरणीच्या ओटीत जाते. हे मी पाहिलेले आहे, आणि पाठविणाऱ्या बाईला ते कळत नाही असे कुणी समजू नये. तिच्या मुलांकडून दुसऱ्या दिवशी ते कळतेच. शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवू नये, ही आपली चांगली रीत आहे. पण वाटीत साखर घालून परत केली आणि आतला पदार्थ कुणी चाखलाच नाही, तर ती रीत पाळली असे म्हणता येईल काय?

मंडळातर्फे आपण दरवर्षी गरजूंना लुगडी, पुस्तके वाटतो. ते चालू राहावेच. यंदा त्याबरोबर आणखी एक करू. नाताळचे ताट आले की ते आणणारीला आत बोलवावे, पाटावर बसवावे, आणि तिच्यादेखत एक करंजी मोडून तोंडात घालावी. लक्ष्मीबाईंच्या स्मृतीला याहून दुसरे वाण मला सुचत नाही.